वीतभर कोरी भिंत

कोपरला आमच्या सोसायटीच्या भिंतीवर खाडीकाठचे जीव रंगवायला दिव्याहून एक पेंटरकाका यायचे. बोलताना ब्रश दातांत धरायचे, त्यामुळे निम्मं कळायचं नाही. चित्र पूर्ण झालं तरी खाली त्या जीवाचं नाव लिहायचे नाहीत; येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून विचारलं, की मगच. "आधी लिहिलं ना, तर लोक नाव वाचून पुढे जातात. चित्र बघत कोण नाय." चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी तीन दिवस बिननावाची होती. शेवटी मीच विचारलं.

गेटपाशी मात्र त्यांनी वीतभर भिंत कोरीच सोडली. तिथे एका माशीनं मातीचं इवलंसं घर बांधायला घेतलेलं. आमचे सेक्रेटरी चिडले. "अहो, खरवडून टाका ते!"

काकांनी दातांतला ब्रश काढला. "साहेब, बाकीची सगळी मी आणली. ही आपली आपण आलीये."

तेवढ्यात माशी चिखलाची गोळी घेऊन आली आणि लिंपायला बसली. सेक्रेटरी चष्मा सावरत वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"हिला म्हणतात काय हो?"

काका उत्तर द्यायला थांबलेच नाहीत. ते बारीक ब्रश शोधायला लागले होते.