सोनमच्या न्हाणाचा आहेर

वडूजच्या पुढं, खटावच्या कोरड्या अंगाला बोरखिंडी नावाची एक वाडी आहे असं समजा. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि बातमी टँकरच्या आधी यायची. कुणाची शेळी व्याली, कुणाच्या सुनेनं भांडून माहेर गाठलं, सगळं अर्ध्या दिवसात घरोघर. पण एक गोष्ट अशी होती, की ती दर महिन्याला घरोघर असायची आणि तिचं नाव मात्र कुणी घ्यायचं नाही. बाई बाजूला बसली की लेकरांना सांगायचं, कावळा शिवला. लेकरं बिचारी कावळ्याला दगड मारत सुटायची.

सुलाबाईला त्या कावळ्याचा मनापासून राग होता. ती धनगराच्या घरची सून. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचा, तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. तोवर दोन पोरी, चार शेळ्या आणि सासू असा संसार तिच्या एकटीच्या डोक्यावर. त्यातल्या त्यात शेळ्या ऐकायच्या. सासू धोंडुबाई जिभेची तिखट, आणि विटाळाच्या बाबतीत तर तिनं साक्षात देवाचंही ऐकलं नसतं. बाजूला बसलेल्या बाईचा नुसता पदर लागला तरी लुगड्यासकट डोक्यावरून घागर ओतून घ्यायची. उन्हाळ्यात टँकर फिरकायचा नाही, शेळ्या कोरड्या हौदाला तोंड लावायच्या, पण विटाळाची घागर कोपऱ्यात भरून ठेवलेली असायची. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

थोरली पोर माया हुशार होती. वाडीतली शाळा संपल्यावर वडूजच्या हायस्कूलला यस्टीनं जायची. आठवीत असताना एकदा यस्टीत तिची जुन्या लुगड्याची घडी सरकली. सीटवर डाग पडला. मागची पोरं हसली आणि शेजारच्या बाईनं ‘कुनाची गं तू?’ म्हणून सगळ्यांदेखत विचारलं. माया मधल्याच फाट्यावर उतरली, दफ्तर पाठीमागं धरून पायी घरी आली आणि पुन्हा शाळेत गेली नाही. सुलाबाईनं लाख समजावलं. धोंडुबाईला उलट बरंच वाटलं. दोन वर्षांत पलूसकडचं स्थळ आलं. तिकडं ऊस, पाणी, खाऊनपिऊन सुखी घर. नाव ठेवायला जागा नव्हती. पण माया माहेरी आली की धाकटीची पुस्तकं मांडीवर घेऊन बसायची.

सत्त्याण्णव साली धाकट्या सोनमला न्हाण आलं. तीही आठवीतच होती.

“न्हाण वाजतगाजत करू,” धोंडुबाई म्हणाली. “पर त्याच्यानंतर शाळा बास. मायाची शोभा झाली तेवढी पुरं.”

“आन् शोभा व्हायची न्हाई असा बंदोबस्त केला तर, आत्याबाई?”

“कर की. मग बगू.”

या ‘मग बगू’वर सुलाबाईनं सांगलीची गाडी धरली. तिथं विश्रामबागेत तिचा धाकटा भाऊ जालिंदर बिऱ्हाड करून होता. जालिंदर फौजेत हवालदार, तेव्हा सुट्टीवर आलेला. त्याच्या बायकोनं पॅडचं पुडकं उघडून नणंदेच्या हातात ठेवलं. सुलाबाईनं ते दाबून बघितलं आणि उलटंपालटं केलं. एवढ्याशा वस्तूवाचून मायाची शाळा गेली होती.

असली पुडकी वडूजलाही मिळायची, नाही असं नाही. पण मेडिकलवाला ती आधी पेपरात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा आणि चोरीचा माल असल्यासारखा इकडंतिकडं बघून हातात द्यायचा. वर एका पुडक्याला सुलाबाईचा दिवसाचा रोजगार जायचा. भावजयीनं तिला सांगलीच्या ठोक दुकानात नेलं. तिथं भाव निम्म्याच्या आत होता. पण घोडं पेंड खात होतं ते तिथंच. दुकानदार सुटं देईना. घ्यायचं तर अख्खं खोकं.

“एका पोरीला हे किती पुरल?” सुलाबाईनं विचारलं.

“तिचं लगीन हून तिच्या पोरीलाबी पुरल,” भावजय म्हणाली.

परतीच्या गाडीत सुलाबाई त्या खोक्याचाच विचार करत राहिली. एका पोरीला ते जड होतं. पण वडूजला जाणाऱ्या वाडीतल्या सगळ्या पोरींना मिळून? तिला वाटेतच न्हाणाचा मांडव दिसायला लागला.

न्हाणाची तिकडची रीत सांगायला हवी. पोरीला केळीच्या खांबांच्या मखरात बसवायचं, हळद लावायची, बायकांनी गाणी म्हणायची, गावजेवण घालायचं आणि कर्ण्यावरून आहेर पुकारायचे. बायका आहेरात खण आणायच्या. हे खण म्हणजे मोठी गंमत होती. तेवढ्यात कुणाचीच चोळी बसायची नाही, म्हणून ते कुणी शिवायचं नाही. या घरातून त्या घरात, त्या घरातून पुढच्या न्हाणाला. आपणच दिलेला खण चार वर्षांनी आपल्याच ओटीत परत आल्याचं सुलाबाईनं डाळीच्या डागावरून ओळखलं होतं.

तिनं घरोघर जाऊन सांगितलं, यंदा खण नको, थाळीत रोख घाला, पोरींच्या कामाला लागेल. कसलं काम ते मात्र तिच्याही जिभेवर येईना. बौद्धवस्तीतली आक्काताई कांबळे तिच्याबरोबर खुरपायला जायची. तिची पोर सोनमच्याच वर्गात होती. जयंतीची वर्गणी मागून मागून आक्काताई त्यात तरबेज झालेली. ती म्हणाली, “सुलाबाई, वर्गणीला आदी कामाचं नाव घ्यावं लागतं. बोलणाऱ्याची मातीबी खपती, न बोलणाऱ्याचं गहूबी पडून ऱ्हात्यात.”

“बोलनार हाय की,” सुलाबाई म्हणाली. “माजा भाऊ बोलनार हाय.”

जालिंदरनं तसा शब्दच दिला होता. “फौजेत आमच्या खिशात पट्टी असतीया, ताई. रक्त आलं की बांधायची. त्यात शरम कसली? मामा हाय मी पोरीचा. माईकवर खडाखडा सांगतो.”

न्हाणाच्या दिवशी वाडी मांडवात मावेना. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला तंबाखू मळत बसलेले बापये. पुकारायला भाऊसो होता. कुस्तीच्या मैदानात तो पैलवानांची नावं पुकारायचा तेव्हा पलीकडच्या गावची कुत्री भुंकायला लागायची. मखरासमोर पितळेची थाळी ठेवली. भाऊसोनं आवाज दिला, “आता मुलीचे मामा, हवालदार जालिंदर, दोन शब्द बोलतील.”

जालिंदर ताठ उभा राहिला. माईक हातात घेतला. समोर बहिणीच्या वयाच्या, आईच्या वयाच्या बायका बघितल्या, पलीकडं मिशीवाले म्हातारे बघितले. त्यानं घसा खाकरला.

“मंडळी,” तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता कर्णा कुईं करत राहिला.

“जय हिंद,” तो म्हणाला आणि खाली बसला.

सरहद्दीवर बर्फात उभा राहिलेला गडी, पण मांडवात त्याची पार भंबेरी उडाली. भाऊसोनं सावरून घेत विचारलं, “बरं, मामांचा आहेर?” तर जालिंदर खालमानेनं पुटपुटला, “आमच्या फौजेत मोठा मानूस शेवटी जेवतो. आदी गाव हुं द्या. मी मागनं.”

मग हवालदाराचा मान राखायचा म्हणून भाऊसोनं गावाला पुकारलं. कुणी उठेना. परत पुकारलं. बायकांनी पदर सावरले, एकमेकींकडं बघितलं आणि माना खाली घातल्या. बापयांची तंबाखू एकाएकी फार मळायला लागली. थाळी रिकामी.

सुलाबाई खांबाला टेकून उभी होती. गावाला कळलं होतं तर, आणि कळल्यावर गावानं तोंड फिरवलं होतं. मखरात सोनम हळदीच्या तोंडानं आईकडं बघत होती. सुलाबाईला त्या जागी माया दिसली, दफ्तर पाठीमागं धरून उन्हातनं येणारी. मग तिला काय झालं ते तिलाही सांगता यायचं नाही. ती तरातरा गेली आणि भाऊसोच्या हातातला माईक तिनं काढून घेतला.

“मी तुमाला रोख घाला म्हनाले, कशाला ते बोलले न्हाई. आता बोलते. पोरींच्या पाळीला पॅड आनायच्यात. सांगलीसनं अख्खं खोकं आनायचं हाय. माज्या मायाची शाळा एका घडीपायी गेली, तुमा सगळ्यांना ठावं हाय. आज सोनमला मखरात बसवली ती कशापायी? पाळी आली म्हनूनच की. हळद लावली, गानी म्हनली, कर्णा लावून साऱ्या शिवाराला सांगितलं. आन् उद्यापासनं कावळा शिवला म्हनायचं? मग आज लाज कुठं गेली हुती? द्यायचं त्यानं द्या, न्हाई त्यानं जेवून जावा. पर माना खाली घालून बसू नगा.”

कर्णा कडुलिंबाच्या शेंड्यावर बांधलेला होता. शब्द न् शब्द पार खिंडीपर्यंत गेला. आता सासू आपल्याला घराबाहेर काढते, असंच सुलाबाईनं धरलं.

धोंडुबाई काठी टेकत उठली. “झालं का बोलून?” तिनं विचारलं. “आगं, मामाचा आहेर व्हायच्या आदी गावानं आहेर करायचा? असं कवा झालंय का? तुजा भाऊ रोवल्या खांबावानी बसलाय, आन् तू गावाला बोल लावतीयास.”

मग बायकांच्या बाजूनं हसू फुटलं ते आवरेना. मामाचा आहेर पहिला, ही त्या मुलखातली रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ती विसरला होता एकटा जालिंदर, अठराव्या वर्षी फौजेत गेलेला, आणि काळजीनं घेरलेली त्याची बहीण. बायका मघापासून पदराआड नोटा मुठीत धरून बसल्या होत्या आणि हवालदाराच्या उठण्याची वाट बघत होत्या.

जालिंदर कानापर्यंत लाल झाला. उठला आणि त्यानं खिशातलं पाकीट थाळीत सरळ उपडं केलं. भाऊसोनं मामाचा आहेर पुकारला आणि बांध फुटला. सगळ्यांच्या आधी पुढं आली आक्काताई. नोट टाकून ती तिथंच उभी राहिली.

“माजं नाव पुकारा, भाऊसो. मालकाचं नगं. ह्यो माज्या रोजगाराचा पैसा हाय.”

बाईचा आहेर नवऱ्याच्या नावानं पुकारायचा, हेच भाऊसोला माहीत. तो जरा घुटमळला. पण गडी मैदानातला, डाव बघून खेळणारा. त्यानं छाती भरून घेतली आणि आवाज दिला, “आक्काताई कांबळे यांच्याकडून पोरींच्या कामाला आहेर! टाळ्या हुं द्या!”

त्यानंतर एकीनंही नवऱ्याचं नाव घेऊ दिलं नाही. लग्न होऊन आल्यापासून ज्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती अशा बायका कर्ण्यावरून आपलं नाव ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि डोळे पुसायच्या. शेजारची बनुबाई नोट टाकून जागेवर बसली आणि परत उठून आली. “मला नीट ऐकू आलं न्हाई. परत घ्या,” म्हणाली. भाऊसोनं परत घेतलं, अगदी अंतिम कुस्ती जिंकल्यासारखं. बापयांनीही मग खिसे चाचपले. बायकोच्या मागं राहणं बरं दिसेना. थाळी भरली, तेव्हा कुणीतरी परात आणली. सुलाबाई मखराशी सोनमला धरून उभी होती आणि तिच्या आनंदाला खरोखर पारावार नव्हता.

त्या दिवशी एका खोक्याला निघालेल्या बाईच्या पदरात तीन खोक्यांचे पैसे पडले. पुढचं आधीच सांगून टाकतो. वाडीत मग प्रत्येक न्हाणाला तशी थाळी लागायची रीतच पडली. आजूबाजूच्या वाड्यांनी ती उचलली आणि भाऊसोला कुस्तीपेक्षा न्हाणाची आमंत्रणं जास्त यायला लागली. मामाचा आहेर मात्र सगळीकडं पहिलाच राहिला. खण तेवढे फिरायचे थांबले. माया पलूसहून आली तेव्हा तिनं ती खोकी बघितली आणि जाताना आपल्या सासरच्या वाडीसाठी थाळीची सगळी रीत आईकडून नीट विचारून घेतली.

पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं, ते अजून बाकी होतं. सुलाबाईनं सासूला विचारलं, “बंदोबस्त झाला, आत्याबाई. शाळंचं काय?” धोंडुबाईनं आपलं तेच सांगितलं, “बगू.” आहेराच्या थाळीत तिनं दमडी टाकली नव्हती.

पुढच्या महिन्यात सोनमची पाळी आली. सकाळी ती शेळ्यांच्या गोठ्यात गोणपाटावर जाऊन बसली. शाळेचा फ्रॉक अंगात, पॅड घेतलेलं, पण उठायचा धीर होईना. आज्जीच्या तोंडून ‘जा’ निघालं नव्हतं. सुलाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. सारं लक्ष गोठ्याकडं. खिंडीत यस्टीचा आवाज आला तशी तव्यावरची भाकरी करपली.

धोंडुबाई घरातनं बाहेर आली. तिच्या हातात सोनमचं दफ्तर होतं. ती थेट गोठ्यात शिरली, पोरीच्या दंडाला धरून तिला उभी केली आणि दफ्तर तिच्या खांद्यावर अडकवलं. वेणीला लागलेली गवताची काडी काढून टाकली.

“बसलीयास काय? यस्टी कुनाच्या बापाची वाट बगतीया व्हय?”

सोनम पळाली. सुलाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मग तिनं सवयीनं कोपऱ्यातल्या घागरीला हात घातला.

“आत्याबाई, आंघुळीला पानी काढू?”

“कशाला?” धोंडुबाई म्हणाली. “सकाळीच केलीया की. शेळ्यांस्नी पाज ते.”