उजवीकडच्या कळ्या

आगाशीच्या वाड्यांत मी जन्मभर पाट खणले, विहिरी उपसल्या. आता गुडघे संपले. सकाळी माझ्या जुन्या मित्राच्या, नरहरीच्या बांधावर बसून असतो.

त्याची बायको मालनवहिनी उजाडायच्या आधी मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. दोन ओळींच्या मधून चालायची, दोन्ही हात चालू. मागे एक कळी राहायची नाही. अशी खुडणी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

यंदा उजवीकडच्या ओळीत कळ्या राहू लागल्या. संध्याकाळी त्या झाडावरच फुलायच्या.

"वहिनी, हात आखडला का?"

"हात नाही, भाऊजी. त्या बाजूचं दिसतच नाही. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं ठणकतं."

"मोतीबिंदू आहे," नरहरी म्हणाला. "माझा पिकल्यावर काढला. हिचाही पिकू दे."

"मी काय केळीचा घड आहे?" ती म्हणाली. पण डॉक्टरकडे न जाता थांबली.

एका सकाळी तिचा उजवा डोळा लालभडक झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या. आम्ही तिला रिक्षात घालून विरारला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "हा काचबिंदू आहे. हा पिकायची वाट बघायची नसते. उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. डावा वाचवायचा आहे."

"आम्ही दोघं एकाच घरात राहतो, एकच खातो," नरहरी म्हणाला. "मग मला कसा नाही झाला?"

"बायकांचा डोळा बहुधा किंचित लहान असतो. पुढची जागा उथळ. वयानं आतलं भिंग जाड होतं आणि पाणी निघायची वाट चेपते. अंधारात बाहुली मोठी झाली की आणखीच. पुरुषांनाही होतो, पण हा प्रकार बायकांत जास्त."



लेझरनं दोन्ही डोळ्यांत बारीक छिद्र पाडलं. डावा वाचला.

घरी आल्या आल्या वहिनीनं बोळिंजला लेकीला फोन लावला. "हेमाली, डोळे तपासून घे. डोकं दुखायची वाट बघू नको. आणि तुझ्या बाबांना विचारू नको."

आता ती उजाडल्यावर खुडते. डावीकडची ओळ संपवते, टोकाला वळते, दुसरी ओळ डावीकडे घेऊन परत येते. चालणं दुप्पट. कळी मात्र राहत नाही. नरहरी टोपली घेऊन मागून चालतो. दमतो, पण टोपली खाली ठेवत नाही.