माझ्याच अक्षरातली नजीर

माझं अक्षर चांगलं होतं, हा माझा पहिला गुन्हा. ठाण्यात ज्या वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, ते इंग्रजी निकालांची पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवत. त्यांतल्या नजिरी, म्हणजे वरच्या कोर्टांचे जुने निकाल, ते तोंडाने मराठीत सांगत आणि मी वहीत उतरवत असे. एका नजिरीला चार ओळी. पाचवी विचारली तर ते तपकीर ओढून पुढच्या नजिरीला लागत. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या वकिलांनी ती वही नकलून नेली होती. बाबावाक्यं प्रमाणम्! पुस्तक उघडून पाहणं हा आमच्या गुरूंचा अपमान समजत.

पुढे मला वकिलीची सनद मिळाली आणि मी वेगळा झालो. दहा-बारा वर्षांनी खाडीकाठच्या एका मिठागरी गावातली म्हातारी माझ्याकडे आली. तिने तांब्या पुढे केला.

"पी, वकीलदादा."

मी घोट घेतला आणि अंगणात थुंकलो. मचूळ, खारट.

"आता ह्योच पितो आमी," ती म्हणाली.

गावाला गोड्या पाण्याची विहीर एकच. तिची वाट ज्या शेतातून जाई, ते एका शेटने विकत घेऊन कुंपण घातलं होतं. विहीर गावाची, वाट मात्र शेटची. म्हातारीने गावाच्या वतीने दावा लावला.

शेटचे वकील कोण? आमचे गुरूच. कोर्टात मुनसफांपुढे, म्हणजे न्यायाधीशांपुढे, त्यांनी तीच जुनी वही उघडली आणि ठणकावून वाचलं, "दुसऱ्याच्या जमिनीतून कितीही वर्षं ये-जा केली तरी वाटेचा हक्क उत्पन्न होत नाही." विलायतेतल्या कुठल्याशा गावाची नजीर होती. मी वाकून पाहिलं. अक्षर माझं. ज्या चार ओळींनी म्हातारीचं पाणी तुटणार होतं, त्या मीच लिहिल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली आणि मग संताप आला.

मी उठून म्हणालो, "मूळ पुस्तक कोर्टापुढे यावं."

गुरू हसले. "इतकी वर्षं ही नजीर चालते आहे. आणि लिहिलीस तूच की रे!"

"म्हणूनच म्हणतो. मी न वाचता लिहिली."

मुनसफ पूर्वी कल्याणला वकिली करत. ते जरा चुळबुळले. "अहो, ही तर माझ्याही वहीत आहे."

"रावसाहेबांनी पुस्तक पाहिलं आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग दुसऱ्या दिवशी पुस्तक हजर करण्याचा हुकूम दिला.

बाहेर ओसरीवर वकिलांनी मला घेरलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

"मोजतो," मी म्हणालो. "खाली माणसं बसतात, वासे मोजायलाच हवेत."

तोंडाने बोललो खरा, पण मनात भीती होती. पुस्तकातही त्याच चार ओळी निघाल्या असत्या तर म्हातारी बुडाली असती, आणि तिला बुडवणारा मीच ठरलो असतो.

पुस्तक आलं. निकाल चांगला नऊ पानी होता. मी उभ्याने अखेरपर्यंत वाचला आणि शेवटच्या पानाचा मराठी अर्थ कोर्टाला सांगितला. त्या विलायती गावचे लोक दरवर्षी मालकाची परवानगी मागून त्या वाटेने जात. परवानगीने गेलेल्याला हक्क मिळत नाही, एवढंच न्यायाधीशांचं म्हणणं. आमच्या वहीत परवानगीचं नावही नव्हतं.

मुनसफांनी म्हातारीला विचारलं, "बाई, तुम्ही त्या वाटेने जायला कोणाची परवानगी घेत होता?"

तिला प्रश्नच कळेना. "पान्याला जावाला कोनाला इचारायचा, सायेब? माजे सासूनी नाय इचारला. तिचे सासूनी नाय इचारला."

"माझी नजीर ही," मी म्हणालो. "दोन सासवा. पुस्तकात नाहीत, पण त्या वाटेवर होत्या."

गुरूंनी वही मिटली. मुनसफांनी वाट मोकळी करण्याचा हुकूम दिला. गुरू त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण पुन्हा तसंच करीन.

संध्याकाळी वकिलांच्या खोलीत एक जण कोरी वही, दौत आणि टाक घेऊन माझ्या पुढ्यात बसला. काल वाशांचं बोलला होता तोच.

"सांगा," तो म्हणाला, "आजचा निकाल. चार ओळींत."

"सांगत नाही. कोर्टाच्या दप्तरात निकाल आहे, अखेरपर्यंत वाचा. नाहीतर त्या गावात जाऊन एक हंडा भरून आणा."

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मग वही उचलली आणि शेजाऱ्याच्या वहीतून, जिथे चार ओळी आधीच उतरल्या होत्या, तिथून नकलून घेऊ लागला.