पाण्यात बोलणारी खाला

खाला म्हणजे अख्ख्या बॅचची मावशी. तिला हळू बोलताच येत नसे. भिवंडीत कापड विणणाऱ्या लूमच्या गल्लीत जन्मली, सासरही त्याच गल्लीत मिळालं. लूमच्या खडखडाटावर आवाज चढवायची तिची सवय काल्हेरच्या तरणतलावातही सुटली नव्हती. "अगं बायांनो, आज पाणी मस्त हाय!" असं ती म्हणाली की नव्या बिल्डिंगांच्या बाल्कन्यांतून माणसं डोकावून बघत.

पोहायला ती लहानपणी आजोळच्या खाडीत शिकलेली. आता गुडघ्यांसाठी दुपारच्या लेडीज बॅचला यायची. मी तिथे आले ती आई गेल्यानंतर. घरात बसून सुकत चाललीस, म्हणून नवऱ्याने बळेच पाठवलं. सगळ्याजणी महिन्याभरात पलीकडे पोचल्या, मी आपली दर वेळी मध्यावरून परत काठाचा बार धरायची.

घोडं अडायचं श्वासाशी. आमचं घरही लूमच्या गल्लीतलं. कारखान्याच्या दारावरून जाताना रुईची धूळ नाकात जाऊ नये म्हणून आम्ही पोरं श्वास रोखून पळायचो. पाण्यात डोकं गेलं की माझी छाती तेच करायची. मग वर आल्यावर सोडणं आणि घेणं एकदमच, की गेलं पाणी नाकात! कोच पोरगी शिट्टी फुंकून ओरडायची, "ताई, श्वास पाण्यात सोडा!" सोडा म्हणे! तो काय नळ आहे?

खाला पायरीवर बसून हे बघत होती. एक दिवस म्हणाली, "तू पाण्यात बोल."

"काय बोलू?"

"घरात बोलता येत नाय ते. खाली बोलायचं, वर येऊन गुपचूप हवा घ्यायची. पाणी कुणाची चुगली नाय करत."

झालं! अख्खी बॅच पाण्यात बोलायला लागली. कुणी सासूला, कुणी जावेला. दुपारचं ऊन हिरवट होऊन तळाशी हलत असायचं, आणि त्या उजेडात सगळ्यांची गुणगुण मिसळून दूरच्या गल्लीतल्या लूमसारखी ऐकू यायची. मला वाटायचं, आपण लहान आहोत, माळ्यावर झोपलो आहोत आणि आई खालून हाक मारते आहे. डोळे उघडले की निळ्या फरश्या.

मीही बोलले. भाजी महागली, बाई येत नाही. मध्यावर आल्यावर ते संपायचं आणि छाती पुन्हा बंद. खाला म्हणाली, "हे बाजाराचं झालं. आतलं कुठं हाय?" मला रागच आला. आत एकच शब्द होता. आई गेल्यापासून तो मी उच्चारलाच नव्हता. हाक मारायची तरी कुणाला?

"तू काय बोलतेस गं?" मी उलट विचारलं. ती खदाखदा हसली. "पाण्यालाच विचार."

मग तिच्या मुलाने लूम भंगारात काढले. घर विकून सगळे नाशिकला निघाले. "गल्ली गप झाली गं, झोपच लागत नाय," ती म्हणायची. शेवटच्या दिवशी तिने डबाभर वाफवलेली गोड सांदणं आणली. पाण्यात पाय सोडून बसली आणि चक्क हळू आवाजात बोलली, "मी ह्यांचं नाव घेते. संसारात कधी घेतलं नाय. 'अहो' नायतर 'सलीमचे अब्बा'. गेल्यावर घेतलं तर लोक हसतील. म्हणून पाण्यात घेते. एका श्वासाला एकदा." तिचा तो आवाज ऐकून मला भडभडून आलं. सांदण हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी होती. मी पाण्यात उतरले, डोकं खाली घातलं आणि म्हटलं, "आई." गालाला चाटून बुडबुडे वर गेले. मान वळवली, हवा आत आली, आपोआप. पुन्हा "आई". पुन्हा हवा. मध्य कधी मागे पडला कळलंच नाही. हाताला काहीतरी लागलं तेव्हा वर पाहिलं, तर पलीकडची भिंत!

चेहरा पाण्याने ओला होता की रडण्याने, कोण जाणे. मी भिंत धरली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "खाला, पोचले गं!"

बाल्कन्यांतून माणसं डोकावून बघायला लागली.