समोरच्या दारापर्यंत चार पावलं

"सोबत कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाऊ आहे."

"त्यांनाही आत बोलवा. दोघांना एकदमच सांगतो."

एली बाहेर बाकावर बसला होता. हातात टोकनचा कागद, नंबर सतरा. तो आत येऊन खुर्चीवर बसला आणि टोकन टेबलावर ठेवून तळहाताने दाबून सरळ करू लागला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

माझा धाकटा भाऊ एली सेहेचाळीस वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. त्याला वीसेक शब्द येतात. सहा वर्षांचा असल्यापासून फिट्स येतात.

"आणखी कोणी?"

"नाही."

मग डॉक्टरांनी सांगितलं. आजाराचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपथी. हृदयाचा स्नायू सैल पडतो, हृदय आकाराने वाढतं आणि रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही. किती ढकललं जातं त्याचं माप म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. निरोगी माणसात ते साठ टक्क्यांच्या आसपास असतं. इको तपासणीत माझं पंचवीस आलं होतं.

"आणखी एक सांगायला हवं," ते म्हणाले. "अशा हृदयाची लय अचानक बिघडू शकते. झोपेतसुद्धा."

एली टोकन सरळ करत होता.

ज्या घरात एक माणूस दुसऱ्यावर पूर्ण अवलंबून आहे आणि तो दुसराच आजारी पडला आहे, अशा घरांसाठी मी हे लिहितो आहे.

लक्षणं चार महिने होती. काळेवाडीच्या पुलावर चढताना धाप लागत होती. संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुतत होते. झोपायला एक उशी पुरेनाशी झाली, मग दोन घेतल्या. मी पित्त समजलो, नंतर धूळ समजलो. वर्तमानपत्राच्या कचेरीत तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या निवेदनांतल्या विसंगती काढत होतो. स्वतःच्या पायांवरची सूज मला दिसली नाही.

अँजिओग्राफी झाली. धमन्या मोकळ्या होत्या, म्हणजे अडथळा काढून बरं होण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या, मीठ कमी केलं, दिवसाला दीड लिटर पाणी ठरवून दिलं.

"तीन महिने औषधं घ्या. मग पुन्हा इको करू. आकडा वर आला नाही तर छातीत यंत्र बसवावं लागेल."

"आणि तीन महिन्यांत काही झालं तर?"

"होऊ नये यासाठीच औषधं आहेत," ते म्हणाले. मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं.

घरी आल्यावर मी एक हिशेब मांडला. एलीला फिट्सची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला लागते. दोन वेळा चुकली की फिट येते, कधी एकामागून एक. रोज सकाळी मी त्याला उठवतो. शनिवारी मात्र मी उशिरा, आठच्या जरा आधी उठतो आणि त्या दिवशी दादाला हाक मारायची नाही, हे आईने त्याला लहानपणीच शिकवलं आहे. शनिवार आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. एली माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसतो आणि मी डोळे उघडेपर्यंत हलत नाही.

मी डोळे उघडले नाहीत, तर तो वाट पाहील. त्याला कडी काढता येते, पण तो आयुष्यात कधी एकटा घराबाहेर पडलेला नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. वडील पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर होते, म्हणून घर रहाटणीत. आई-वडील गेले. बहीण लग्नानंतर इस्राएलला गेली. आजाराचं कळल्यावर तिने फोनवर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलला आणि पुण्यातल्या समाजाच्या मंडळाला कळवलं. अपंग आणि वृद्ध माणसांची विचारपूस करणारं ते लहानसं मंडळ. पुढच्याच बुधवारी डायना आंटी आल्या. वय अडुसष्ट, विशेष मुलांच्या शाळेतून निवृत्त, हातात कापडी पिशवी. दुसऱ्या मजल्यापर्यंतचे जिने चढून त्या दारात क्षणभर थांबल्या, मग खुर्चीवर टेकल्या आणि सरळ विषयाला आल्या.

"रुबेन, तू मेलास तर याने काय करायचं, हे याला माहीत आहे का?"

मी म्हणालो, मंडळाकडून कोणी येऊ शकेल असं मला वाटलं होतं.

"कोण येणार? पिंपरी-चिंचवडमधले आपले लोक मोजले तर दोन रिक्षांत बसतील. त्यातल्या निम्म्यांना रिक्षात चढायलाच हात द्यावा लागेल." त्या पाणी प्यायल्या. "समोर कोण राहतं?"

समोर नंदावहिनी राहतात. रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. नवरा चाकणला कंपनीत शिफ्टला जातो. डायना आंटींनी त्यांना बोलावून घेतलं.

"आमी हाय की समोर," नंदावहिनी म्हणाल्या. "पर भाऊजी कुनाला हात लावू देत्यात व्हय? धा वर्सं बगतीय. भाकरी दिली तरी दारातनंच घेत्यात."

डायना आंटींची पद्धत साधी होती. सांभाळणाऱ्याने सगळं एका वहीत लिहायचं. मग घराबाहेर जायचं, आधी एक तास, मग चार तास, मग एक दिवस. फोन बंद ठेवायचा. वेळेआधी परतायचं नाही. त्या याला सराव म्हणत. कशाचा, हे त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

मी वही लिहिली. चौदा पानं. गोळ्यांची नावं, वेळा, भाताची घनता, अंघोळीच्या पाण्याचं माप. तिसऱ्या पानावर फिट आल्यावर काय करायचं ते क्रमाने. त्याच्या फिट्स टॉनिक-क्लॉनिक प्रकारच्या आहेत, म्हणजे शरीर आधी ताठ होतं आणि मग झटके येतात. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटं उलटली तर नाकात स्प्रे मारा. वही दोनदा वाचून पाहिली. त्यात एकही चूक नव्हती.

पहिल्या सरावाला मी थेरगावला डांगे चौकात गेलो. एक अर्धा चहा घेतला आणि दुकानासमोर तासभर बसलो. फोन बंद होता. परत आलो तेव्हा जिन्याखालीच नंदावहिनींचा आवाज ऐकू आला. दोन मजले मी न थांबता चढलो. माझ्या स्थितीत ते करू नये.

नंदावहिनी दारासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. दार वीतभर उघडं होतं आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. पलीकडे एली पडलेला. त्याचं शरीर दाराला टेकल्याने दार उघडत नव्हतं. त्यांनी फटीतून त्याची कॉलर धरून त्याला कुशीवर वळवलं होतं आणि डाव्या हातातल्या मोबाइलवर वेळ पाहत होत्या.

"तीन मिन्टं झाली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आता कमी व्हतंय."

पावणेचार मिनिटांना फिट थांबली. स्प्रे आत टेबलावर होता. आणखी सव्वा मिनिटाने तो लागला असता आणि आम्ही दोघंही बाहेर होतो.

काय झालं ते नंतर जुळवलं. कुकर बंद करायला त्या स्वतःच्या घरी गेल्या आणि लगेच परतल्या. दारात एली आडवा उभा राहिला. त्यांनी बाजूने आत शिरायचा प्रयत्न केला, तर त्याने त्यांचं मनगट धरून वर ओढलं. तो मारतोय असं वाटून त्यांनी हात हिसकला. तो चिडला, दार लोटलं आणि तिथेच कोसळला.

आमच्या दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला मेझुझा आहे. वीतभर लांबीची पितळी डबी, आत धर्मग्रंथातल्या वचनांचा चर्मपत्राचा तुकडा. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटं ओठांना लावायची. आईने हे एलीला वर्षानुवर्षं शिकवलं आणि तिने शिकवलेल्यातलं ते सर्वात पक्कं बसलं. हात न लावता कोणी आत येऊ शकत नाही. नंदावहिनी तोवर नेहमी माझ्या मागून आत आल्या होत्या. घरातल्या एकाने हात लावला की त्याला पुरत असे. त्या दिवशी त्याने त्यांचा हात वर ओढला, तो डबीकडे.

चौदा पानांत मेझुझाचा उल्लेख नव्हता. मी सत्तावन्न वर्षं तिला हात लावत आलो आहे. ते लिहायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं.

डायना आंटी दुसऱ्या दिवशी आल्या. वही चाळून म्हणाल्या, "छान लिहिलंयस. छापायला दे. वापरायला दुसरी लागेल. ती नंदा लिहील. तू शेजारी बस आणि तोंड बंद ठेव."

नंदावहिनी आठवीपर्यंत शिकल्या आहेत. कोपरापासून दंडापर्यंत हात काळानिळा झाला होता. त्याच हाताने त्यांनी तीन आठवडे आमच्या घरी बसून, एलीकडे बघत बघत वही लिहिली. पहिली ओळ अशी आहे: 'दारात पितळी डबी हाय. आदी तिला हात, मग तोंडाला. न्हाई लावला तर आत घेत न्हाई.' फिटच्या पानावर लिहिलं आहे: 'भ्या वाटतंय. पर घड्याळ बगायचं.'

नंतर त्या दूध द्यायला आल्या तरी डबीला हात लावू लागल्या. नवऱ्याने विचारलं, हे काय नवीन? "देव कुटला बी असंना," त्या म्हणाल्या, "दार उघडतंय न्हवं."

तीन महिन्यांनी पुन्हा इको झाला. आकडा अठ्ठावीस.

"तीनने वाढला," मी म्हणालो.

"एवढा फरक मोजण्यात पडू शकतो," डॉक्टर म्हणाले. "वाढला असं मी म्हणणार नाही."

यंत्राचं नाव आयसीडी. काडेपेटीहून थोडं मोठं. गळ्याच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. तिथून एक तार हृदयात जाते. लय बिघडली की ते झटका देतं. भूल स्थानिक असते, गुंगीचं औषध देतात, आपल्याच खांद्यावर चाललेली ढकलाढकल कळत राहते. मी तीन दिवस रुग्णालयात होतो. डायना आंटी आमच्या घरी राहायला आल्या, नंदावहिनी समोर होत्याच. फोन फक्त गरज पडली तरच करायचा, असं ठरलं होतं. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी नर्सला विचारलं, इथे रेंज असते ना? तिने सांगितलं, असते.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर उचलू नका. वजन उचलू नका, भावालाही नाही. आणि एक लक्षात ठेवा, यंत्र हृदय बरं करत नाही. लय बिघडली तर ते प्रयत्न करतं. बहुतेक वेळा जमतं."

बहुतेक. घरी आल्यावर मी डायना आंटींना शनिवारच्या खुर्चीबद्दल सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं.

त्या उठून ती खुर्ची पाहून आल्या. मग म्हणाल्या, "तर मग तुला न उठण्याचा सराव करावा लागेल."

पहिल्या शनिवारी मी डोळे मिटून पडून राहिलो. डायना आंटी स्वयंपाकघरात बसल्या. एली चाळीस मिनिटं खुर्चीवर बसून होता. गोळीची वेळ टळू लागली तेव्हा मी उठलो. दुसऱ्या शनिवारी त्याने माझं पांघरूण नीट केलं. तिसऱ्या शनिवारी गोळ्यांची डबी आणून माझ्या छातीवर ठेवली, यंत्राच्या बाजूलाच. मी डोळे उघडले.

"तू उठतोस म्हणून तो थांबतो," डायना आंटी म्हणाल्या. "दादा शेवटी उठतो, हे त्याला माहीत आहे. ते त्याला विसरायला लावायचंय."

चौथ्या शनिवारी ठरल्याप्रमाणे नंदावहिनी आल्या. त्यांनी एलीचा हात धरला, डबीला लावला, ओठांना लावला आणि त्याला बाहेर नेलं. दोन दारांमधलं अंतर चार पावलं आहे. त्यांच्या दाराशी पोचल्यावर तो चौकट चाचपू लागला. तिथे डबी नाही. उंबऱ्याच्या पूजेची कुंकवाची बोटं आहेत. त्याने त्या कुंकवालाच हात लावला आणि बोटं ओठांना लावली.

"अगं बाई, कुंकू खातंय हे!" नंदावहिनी ओरडल्या. डायना आंटी हसल्या. मी डोळे मिटून पडलो होतो.

त्यानंतर नंदावहिनी दर शनिवारी सकाळी आपल्या चौकटीवर, एलीच्या छातीइतक्या उंचीवर, ताजं कुंकू लावून ठेवत. पाचव्या शनिवारी त्या आमच्या दारापर्यंतच आल्या. सहाव्या शनिवारी आल्याच नाहीत. एली कडी काढून दारात उभा राहिला आणि परत येऊन खुर्चीवर बसला.

सातव्या शनिवारी त्याने आधी वाट पाहिली. मग "दादा" म्हणाला. शनिवारी त्याने मला हाक मारल्याचं मला आठवत नाही. पुन्हा एकदा म्हणाला. तळहात माझ्या गालावर ठेवून दाबला, टोकन दाबतो तसा. मी हललो नाही. हात उचलला गेला. खुर्ची मागे सरकली.

पावलं दाराकडे गेली. कडी निघाली. मग डबीला हात लावून ओठांना लावायला लागतो तेवढा वेळ शांतता. मग चार पावलं. मग समोरच्या दारावर धाड, धाड.

"आले बाबा, आले!"

नंदावहिनी आत आल्या आणि माझ्या खांद्याला हात लावला. "उठा भाऊजी. आज नीट मेलात."

डायना आंटींनी घड्याळ पाहिलं. खुर्ची सरकल्यापासून एक मिनिट. आठला अजून दहा मिनिटं होती.

यंत्राची बॅटरी आठ-दहा वर्षं चालेल असं सांगतात. एली तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. ते आकडे मला बदलता येत नाहीत, आणि या दोन बायकांचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. बहिणीचा मलिद्याचा नवस पुढच्या महिन्यात फेडायचा आहे. ताटातला पहिला वाटा समोरच्या दारी जाईल.

त्या सकाळी एली नंदावहिनींच्या मागे दारात उभा होता. माझे डोळे उघडे दिसल्यावर तो आत आला आणि खुर्ची जागेवर ठेवू लागला. त्याच्या खालच्या ओठावर कुंकू लागलं होतं. मी ते पुसलं नाही.