दिल्लीला चूक माहीत नाही

"पाणी घाल."

साहेबांची तपासणी या दोन शब्दांनी सुरू व्हायची. दुकानदाराने तांब्या घेऊन धावत बाहेर यायचं, साहेबांनी पायरीवर वाकून कोपरापर्यंत हात धुवायचे, रुमालाला पुसायचे आणि मगच ती सागवानी पेटी उघडायची. आत हिरव्या मखमलीवर पितळी वजनं ओळीनं बसलेली. देव्हारा उघडताना माझी आजीसुद्धा एवढं सोवळं पाळत नव्हती.

साहेब वजनमापं तपासणारे निरीक्षक. कोल्हापूरहून एसटीनं जयसिंगपूरला यायचे. माझं तिथं काटे दुरुस्तीचं दुकान. माझा परवाना त्यांच्या सहीवर, म्हणून बाजारात त्यांच्या मागं पेटी वाहत मीच फिरायचो. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. लाच घेत नाही, चहा घेत नाही, आणि म्हणूनच त्याचा कुणाला आधार वाटत नाही.

"दिल्लीला खरा किलो काचंत ठेवलाय," साहेब प्रत्येक दुकानात सांगायचे. "त्याच्यावरनं राज्याचा, राज्यावरनं माझा, माझ्यावरनं तुमचा. दिल्लीला चूक माहीत न्हाय." दुकानदार माना डोलवायचे. न डोलवून करतील काय?

एकदा बाजारात एका भाजीवालीकडं पाव किलोच्या वजनाऐवजी दगड सापडला. साहेबांनी तिला तो दगड दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावला. "गावाला दाखव तुझा पाव किलो." बाई साठीची. हात खाली यायला लागले तशी ती म्हणाली, "ठेवू का रं लेकरा खाली?" साहेब म्हणाले, "घड्याळ मी बघतोय." आम्ही सगळे बघत उभे होतो. नंतर मी तो दगड गुपचूप तोलून पाहिला. पाव किलोला दहा ग्रॅम जास्तच भरला. बाई गिऱ्हाइकाला जास्त देत होती. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "दगड तो दगडच."

आता खरी गोष्ट सांगतो. सांगायला नको वाटते, पण आता लपवून तरी कुणाचं भलं होणार आहे?

एका खंडेनवमीला मी साहेबांच्या घरी पान-सुपारीला गेलो. बघतो तर काय, साहेब मोरीत पाटावर बसलेले, आणि ती पितळी वजनं चिंच आणि राख लावून घासतायत! काथ्यानं, दम लावून. "वर्षातनं एकदा हत्यारांची पूजा," म्हणाले. "बघ, कसं सोनं दिसतंय." प्रमाण वजनाला बोट लावायचं नसतं, चिमट्यानं उचलायचं, मऊ फडक्यानं टिपायचं; घासलं की ते झिजतं, हलकं होतं. आणि हा भला माणूस सगळी नोकरी ते दर खंडेनवमीला खरवडत आलेला. वरच्या प्रयोगशाळेत दरसाल पेटी जायची म्हणे. तिथंही कुणीतरी चकाकीच बघत असणार. मी काय केलं? पेढा खाल्ला आणि घरी आलो.

पुढच्याच महिन्यात साहेब अण्णांच्या दुकानात शिरले. अण्णा जुनी चांदी विकत घ्यायचे. आसपासच्या गावच्या बायका पैंजण, जोडवी त्यांच्याकडंच मोडायच्या, कारण अण्णांचा काटा म्हणजे काटा. तीन पिढ्यांचं ते नाव. अण्णांनी त्याखेरीज दुसरं काही कमावलंही नव्हतं.

हात धुऊन झाले. साहेबांनी शंभर ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवलं. आकडा आला नव्व्याण्णव पॉइंट एक्क्याण्णव. "काटा कमी दाखवतोय," साहेब मोठ्यानं म्हणाले. "म्हंजे बायकांची चांदी खाताय तुम्ही."

बाहेर माणसं जमली. अण्णांनी गल्ल्यातनं एक जुना चांदीचा रुपया काढून काट्यावर ठेवला. "ह्यो माझ्या वडलांचा. रोज सकाळी ह्याच्यावर काटा बघतो. अकरा ग्रॅम साठ. आजबी अकरा साठच हाय की, साहेब. काटा बरोबर हाय. तुमचं वजन एकदा..."

"दिल्ली खोटी आणि तुझा रुपया खरा व्हय?"

लोक खदाखदा हसले. मीही हसलो. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी पाहिलं.

काटा जप्त झाला. अण्णा भांडायला निघाले होते, तर मीच त्यांना म्हणालो, "दंड भरा न् मिटवा. साहेबांशी कोण लागणार?" त्यांनी भरला, काटा सुटला. साहेबांच्या वजनाबरहुकूम काटा लावून द्यायचं काम माझ्याकडंच आलं. म्हणजे खरा काटा मी माझ्या हातानं खोटा केला. अण्णांनी रुपया ठेवला. अकरा एकसष्ट.

"रुपया वाढला की रं," अण्णा म्हणाले.

"चालतंय की, अण्णा."

"न्हाय चालत," ते म्हणाले, आणि काटा कपाटात ठेवून दिला. मापात पाप करणारा म्हणून गावभर नाव झालंच होतं. बायका दुकानावरनं तोंड फिरवून जायच्या. वर्षभर अण्णा काट्याविना गादीवर नुसते बसून राहिले. मग दुकान बंद केलं, आणि त्या उन्हाळ्यात गेले.

साहेब निवृत्त झाले. नव्या निरीक्षकानं पेटी तपासायला धाडली तर शंभर ग्रॅमचं वजन बाद होऊन आलं. साहेबांनी ते आठवण म्हणून मागून घेतलं आणि रुमालात गुंडाळून थेट माझ्या दुकानात आणलं.

"तोल."

नव्व्याण्णव पॉइंट एक्क्याण्णव.

"परत." तीनदा तोललं. "काटा बिघडलाय तुझा."

"नव्या साहेबांचा शिक्का हाय. गेल्या महिन्यातला."

त्यांनी वाकून शिक्का बघितला. मग म्हणाले, "त्या चांदीवाल्यानं दंड भरला हुता. निर्दोष माणूस दंड भरतो व्हय?"

"मीच भरायला लावला."

"तुला ठाऊक हुतं?"

"चिंच लावताना बघितलं हुतं मी."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही कुणाचं ऐकलं असतं?" मी म्हणालो. खरं म्हणजे हे उत्तर नव्हतं. परवाना माझा होता आणि जीव अण्णांचा. मी परवाना ठेवला.

"चल, अण्णांकडं जाऊ. चार माणसांत सांगतो मी."

"अण्णा गेले, साहेब. दोन वर्षं झाली."

ते उठून पायरीवर गेले, वाकले. "पाणी घाल." मी तांब्या आणला. ते हात चोळत राहिले, कोपरापर्यंत. तांब्या संपला. वजनाला काही त्यांनी हात लावला नाही. ओल्या हातांनीच स्टँडकडं चालू लागले.

चार महिन्यांनी साहेब वारल्याचं कळलं. मी मातीला गेलो नाही. अण्णांच्याही गेलो नव्हतो.