सुधामावशी आणि माझी हुकलेली नॉर्वेची रेस

जिनं माझी सिलेक्शन रेस बुडवली, ती काल सकाळी गेली.

सुधामावशी. आईची मैत्रीण. सख्खी मावशी नव्हे, पण इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आमच्यापासून चार घरं सोडून राहायची आणि आमच्या घराची एक किल्ली कायम तिच्याकडे असायची.

मूळची नागपूरची. इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी क्रॉस-कंट्री स्कीइंग करायचे. डोंगरावरून खाली घसरतात ते नाही. लांब, अरुंद स्की पायात घालून, दोन काठ्यांनी स्वतःला ढकलत, चढ असो की उतार, किलोमीटरच्या किलोमीटर पळायचं.

कॉव्हेंट्रीत बर्फ कुठला? आम्ही सायकल ट्रॅकवर रोलर-स्की करायचो. म्हणजे चाकं लावलेल्या स्की.

आई म्हणायची, "चाकांवरच जायचं होतं तर सायकल काय वाईट होती?"

रविवारी आई-बाबा दोघांचीही ड्यूटी. मग मला ट्रॅकवर सुधामावशी न्यायची. सलवार-कुर्त्यावर लांबून दिसणारं केशरी हाय-व्हिज जॅकेट घालून गाडीत बसायची आणि बहिणीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मराठी शब्दकोडं सोडवायची.

मी एकोणीस वर्षांची होते. ग्रेट ब्रिटनच्या टीममध्ये जायचं, एवढंच डोक्यात.

आमची कोच सांगून थकली होती. हार्ड दिवस हार्ड, ईझी दिवस ईझी.

मला ईझी दिवसांची लाज वाटायची. विश्रांतीच्या दिवशी मी "लायब्ररीत जाते" म्हणून सांगायचे आणि दहा किलोमीटर पळून यायचे.

रोज सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजून ट्रेनिंग डायरीत लिहायची असा नियम होता. नाडी वाढलेली असेल तर शरीर दमलंय, त्या दिवशी सुट्टी.

मी काय करायचे? आकडे मनानंच लिहायचे. ४५. ४६. ४५.

एका रविवारी गाडीत मावशीनं ती डायरी चाळली.

"रोज इतकी छान नाडी? मशीन आहेस की काय तू?"

मी डायरी ओढून घ्यायला गेले.

"हात दे."

तिनं घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजलं. ६३.

"मधुरा, मी रोज माणसांना झोपवते आणि परत उठवते. मला काय शेंडी लावून राहिलीस?"

मी रडले. तिनं घरी काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी खोटं सापडलं तर सांगीन."

नॉर्वेच्या सिलेक्शन रेसच्या आठवड्यात माझा घसा धरला. अंगात कणकण. जिना चढताना मध्येच थांबावं लागत होतं. मी पॅरासिटामॉल घेतल्या आणि बॅग भरली.

एअरपोर्टला सोडायला मावशीच येणार होती.

तिनं माझ्याकडे बघितलं, मानेवरच्या गाठी चाचपल्या, नाडी धरली. मग गाडीची किल्ली खिशात टाकली.

आणि माझ्यासमोर कोचला फोन लावला.

पाच मिनिटांत माझं नाव कटलं.

"तू माझी आई नाहीयेस," मी ओरडले.

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तू माझ्यावर चिडलीस तरी मला चालेल."

ग्लँड्युलर फिव्हर निघाला, म्हणजे गाठी सुजवणारा, माणसाला पार थकवणारा विषाणूचा ताप. डॉक्टर म्हणाले, कित्येक आठवडे खेळ बंद. रेस केली असती तर काय झालं असतं, हे कोणीच छातीठोक सांगू शकलं नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित बरंच काही.

मला त्यातलं "कदाचित काहीच नाही" तेवढं ऐकू आलं.

चार महिने मी तिच्याशी बोलले नाही.

ती दर रविवारी डब्यात नागपूरकडचा गोळाभात ठेवून जायची. बेल न वाजवता. मी खायचे, आणि तरी बोलायचे नाही.

मग एका रविवारी तिनं बेल वाजवली. "चल, ट्रॅकवर जाऊ. स्की घेऊ नकोस."

आम्ही नुसत्या गाडीत बसलो. बाहेर बाकीची पोरं प्रॅक्टिस करत होती. मला वाटलं आता लेक्चर येणार. तिनं शब्दकोडं काढलं.

मी सीटवर झोपले ती दोन तासांनी उठले. अंगावर तिचं ते केशरी जॅकेट.

"सॉरी मावशी."

"भूक लागली का?"

बस. एवढंच बोलणं झालं त्या विषयावर.

त्यानंतर मी महिन्याचा प्लॅन लिहायला घेतला की आधी सुट्टीचे दिवस भरायचे, मग हार्ड दिवस. मधेच कोणी माझ्यापेक्षा जास्त ट्रेनिंग करताना दिसलं की उठून पळावंसं वाटायचं. ते कधी पूर्ण गेलं नाही. पण मी बसून राहायला शिकले.

दोन वर्षांनी टीममध्ये आले. माझ्या पहिल्या इंटरनॅशनल रेसमध्ये पहिल्या पन्नासातही नव्हते. मावशीनं हॉस्पिटलच्या स्टाफरूममध्ये अडखळणाऱ्या स्ट्रीमवर ती पूर्ण बघितली. तिच्यामुळे दोन नर्सेसनाही बघावी लागली.

तिचा मेसेज आला: "शेवटचा चढ मस्त घेतलास. आता दोन दिवस काही करू नकोस."

ती स्वतः मात्र एक्स्ट्रा शिफ्ट घेत राहिली. कोणाचं मूल आजारी, कोणाला भारतात जायचंय, की सुधा आहेच. तिची नाडी कोणी मोजली? मी तरी नाही. हे लिहिताना लाज वाटतेय.

मागच्या वर्षी रिटायर झाली. सहा महिन्यांत कॅन्सर निघाला.

हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषाघरात, एका दुपारी मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी माझं नाव काढायला लावलंस. चुकली असतीस तर? भीती नाही वाटली?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"वाटली ना. घरी येऊन खूप रडले. तुझं वर्ष गेलं असं वाटत होतं." मग थोडं थांबून, "तू बोलायची बंद झालीस ना, ते फार जड गेलं गं."

इतक्या वर्षांत मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तिला चालतंय.

मी तिचा हात धरून बसले. थँक यू म्हणणार होते, तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली आणि ते राहूनच गेलं.

म्हणून इथे सगळ्यांसमोर म्हणते.

थँक यू, मावशी. माझं वर्ष गेलं नव्हतं.

तुझी मधुरा. मनापासून नमस्कार.